डीची ई झाली तेव्हा

मधु सोनावणे चेंदणी कोळीवाड्यातल्या त्या घराच्या पायऱ्या चढला, तेव्हा चंद्रभागाबाईंनी त्याला पाणीही न विचारता आधी एकच गोष्ट विचारली.

"तू पण सगळं पुसायलाच आलायस का?"

मधु दारातच थांबला. "काय झालंय ते बघू तर द्या, बाई."

"बघून गेला एक जण. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, विंडोज गेली, अख्खी डिस्क फॉरमॅट करावी लागेल. मी म्हटलं, अरे, आत माझं लिखाण आहे. तर म्हणतो, मावशी, परत लिहा की, तुम्हाला दुसरं काय काम असतं?" बाईंनी ते वाक्य त्या माणसाच्याच सुरात म्हणून दाखवलं. "त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला."

मधुला हसू आलं, पण बाई हसत नव्हत्या. वय बासष्ट, नऊवारी नेसलेल्या, चष्मा गळ्यात दोरीला लावलेला. कोळीवाड्यातून मॅट्रिक होऊन मास्तरीण झालेल्या पहिल्या बाई त्याच. खाडीजवळच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा पुतण्या मोरू जांभळी नाक्यापाशी लग्नपत्रिका छापायचा. प्रेससाठी नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना त्याने काकीला आणून दिला आणि मराठी टाइप करायला शिकवलं. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, म्हणजे शहाण्णव सालची. तेव्हापासून बाई रोज दुपारी जेवण आटोपलं की टाइप करायला बसत.

मधुने मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी उमटल्या आणि सगळं तिथेच थांबलं. गेल्या मंगळवारी मशीन चालू असतानाच लाइट गेलेली, तेव्हापासून हे असं, असं बाईंनी सांगितलं. त्याने पिशवीतून फ्लॉपी काढली, तिच्यावरून मशीन सुरू केलं आणि आत डोकावला. मोरूने काम नीट केलेलं होतं. डिस्कचे दोन भाग होते. सी मध्ये विंडोज, डी मध्ये बाईंचं लिखाण.

"लिखाण शाबूत आहे," मधु म्हणाला. "बिघडलंय ते सी मध्ये. सी पुसायची, तिथे नवी विंडोज टाकायची. डीला हात लावायचा नाही."

"म्हणजे एका वर्गाला रंग द्यायचा म्हणून शेजारच्या वर्गातली पोरं घरी पाठवायची नाहीत."

"बरोबर."

"मग त्या शहाण्याला हे का नाही सुचलं?"

"घाई असते हो. सगळं पुसलं की काम लवकर होतं." एवढं बोलून मधु खाली वाकला आणि स्क्रू काढू लागला. बाईंना तो आता शहाणा वाटत होता, आणि ते त्याला नकोसं झालं.

डी मध्ये फायली होत्या तीनशेच्या वर. "एवढं काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"पोरं," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताखालून गेलेली. एकेकाचं एकेक पान. कोण किती शिकला, साहेब झाला का हमाल, ते नाही लिहीत मी. तो वर्गात कसा होता तेवढंच. मोठेपणी ते कुणालाच माहीत नसतं, त्याला स्वतःलापण नसतं. आईबापांनी त्याला घरात बघितलेला असतो. वर्गात बघितलेला असतो फक्त मी."

मोहने गावातल्या आपल्या लहानपणीच्या शाळेतल्या बाईंना आपण आठवत असू का, असं मधुच्या मनात येऊन गेलं. वडील, धोंडिबा, तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात कामाला होते. पुढे ते सगळे कल्याणला राहायला आले आणि आता स्टेशनच्या पश्चिमेला मधुचं दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं.

"बाई, तुमच्या डीला एक नाव देतो," तो म्हणाला. "नुसतं अक्षर पुरत नाही. काय देऊ?"

"शाळा," बाई लगेच म्हणाल्या.

त्याने इंग्रजी अक्षरांत 'शाळा' टाइप केलं, मशीन बंद केलं आणि स्वतःची रिकामी डिस्क पिशवीतून काढून आत जोडली. काहीही करण्याआधी बाईंच्या फायलींची एक प्रत तो तिच्यावर उतरवून घेणार होता. मशीन पुन्हा सुरू झालं. त्याने डीचं नाव विचारलं. पडद्यावर आलं, 'मधु'. मग ईचं विचारलं. 'शाळा'.

"हे काय?" खुर्चीमागे उभ्या राहून बघत असलेल्या बाईंनी विचारलं. "माझी डी होती ना?"

"होती. दुसरी डिस्क जोडली की अक्षरं सरकतात. आता माझी डी झाली आणि तुमची ई. माझी काढून घेतली की तुमची परत डी."

"आणि हे माहीत नसलेल्याने काय करायचं?"

प्रत उतरवायची आज्ञा टाइप करायला घेतलेली मधुची बोटं तशीच राहिली.

"तुला हे कुणी शिकवलं?" बाईंनी पुन्हा विचारलं. वर्गात उत्तर मिळेपर्यंत उभं राहण्याची सवय त्यांची अजून गेली नव्हती.

"काळुराम म्हात्रे म्हणून आहेत, डोंबिवलीला, आयरे गावात," मधु शेवटी म्हणाला. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. "घरांचे नकाशे काढतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची विंडोज अशीच बिघडलेली. मी म्हटलं, आधी नकाशांची प्रत घेऊ, मग सी पुसू. चांगलंच करायला गेलेलो. माझी डिस्क जोडली. तिच्यावर जुनं काही पडलेलं, म्हणून म्हटलं ती आधी रिकामी करू. त्यांची सी आणि डी, म्हणजे नवी जोडलेली ती ई. मी ई पुसली."

बाईंनी पडद्यावरची ती ई पुन्हा एकदा पाहिली.

"मग नकाशे उतरवायला डी उघडली, तर आत माझेच गेम. तेव्हा कळलं. तीन वर्षांचे नकाशे होते, बाई. आज असतं तर त्यातलं पुष्कळसं परत काढता आलं असतं. तेव्हा मला ती अक्कल नव्हती. घाबरून मी त्याच्यावरच आणखी कायकाय टाकलं."

"त्यांना काय सांगितलंस?"

"डिस्क खराब झालेली म्हणून."

खाली गल्लीत मासळीवाली ओरडत गेली. बाई खुर्ची ओढून मधुच्या समोर बसल्या. त्या रागावतील असं त्याला वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या कसला तरी विचार करत होत्या.

"खराब कशामुळे झाली असं धरलं असेल रे त्यांनी?"

"म्हणजे?"

"म्हणजे वस्तू खराब झाली की माणूस विचारतो ना, कशामुळे? वर्गातली शाईची बाटली फुटली आणि फोडणारा गप्प बसला, तर शाई सांडलेलीच राहते. मग पोरं कुणालातरी धरतात. बहुतेक शेवटच्या बाकावरच्याला. मी चौतीस वर्षं बघितलंय."

मधुने याचा कधी विचारच केला नव्हता. आपण खोटं बोललो याची टोचणी त्याला होती. काळुरामचं नुकसान झालं याचंही वाईट वाटायचं. पण ते खोटं आपण त्या घरात ठेवून आलो आणि तिथे ते दोन वर्षं राहिलं असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तू तुझं काम कर," बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

प्रत उतरली. मधुने फायली मोजल्या, इकडे तीनशे बेचाळीस, तिकडेही तीनशे बेचाळीस. मग त्याने स्वतःची डिस्क सोडवून पिशवीत ठेवली, मशीन सुरू करून 'शाळा' परत डी वर आल्याचं पाहिलं आणि मगच सी पुसली. विंडोजची सीडी घातली. तासाभरात निळं आकाश, ढग आणि नवी कोरी खिडकी पडद्यावर आली. बाई येऊन उभ्या राहिल्या. मधुने डी उघडली. सगळ्या फायली ओळीने होत्या. त्याने पहिलीवर टिचकी मारली.

पडद्यावर उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं पसरली. दुसरी उघडली, तीही तशीच. तिसरीही.

"हे माझं नाही," बाई म्हणाल्या.

"तुमचंच आहे. फक्त..." आणि मधुने कपाळावर हात मारून घेतला. "फॉन्ट! मराठी फॉन्ट सी मध्ये होता. सगळं लिखाण डी मध्ये आहे, पण ते ज्या अक्षरांत दिसतं ती अक्षरं सी बरोबर गेली. माझी गिऱ्हाइकं सगळी इंग्रजीवाली, माझ्या लक्षातच आलं नाही." तो बाईंकडे वळला. "पुसलं काहीच नाही, बाई. शपथेवर सांगतो."

"शपथ कशाला घेतोस? फॉन्ट कुठे मिळतो?"

"मोरूकडे फ्लॉपी असणार."

बाईंनी शेजारच्या घरात जाऊन प्रेसवर फोन केला. मोरू म्हणाला, एका गिऱ्हाइकाची पत्रिका मशीनवर आहे, तासाभरात येतो. एवढा वेळ काढायचा होता. बाई पडद्यासमोर बसल्या. फायलींना त्यांनी मुलांची नावं दिली होती, तीही इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे ती वाचता येत होती. त्यातली दहाबारा पानं त्यांनी नुसती आठवून मधुला सांगितली. बाराखडी चालीवर म्हणणारी पारू. पाटीवर थुंकून पुसायचा म्हणून मार खाणारा आणि नंतर स्वतःचा सदरा भिजवून सगळ्यांच्या पाट्या पुसून देणारा गोविंदा. सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मग एका नावापाशी त्या अडल्या.

"दगडू," त्या म्हणाल्या. "अडुसष्ट सालची तुकडी. दगडू..."

मधु वाट बघत राहिला.

"नाही आठवत." बाईंनी चष्मा काढला. "चेहरा आठवतो. याच्यावर मी पान लिहिलंय, पूर्ण पान. मार्चमध्ये. लिहिताना तो माझ्यासमोर उभा होता." त्यांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. "लिहून ठेवलं आणि डोक्यातून सोडून दिलं की काय मी? अठ्ठावीस वर्षं सांभाळला पोराला, आणि दोन वर्षांत..."

"येईल परत. मोरू येतोय."

"आणि मोरू नसता तर?"

प्रत घेतली की काम सुरक्षित, असं मधु गिऱ्हाइकांना सांगत आला होता. इथे प्रत होती, मूळ होतं, एकही अक्षर कमी झालेलं नव्हतं, आणि तरी दगडू कुठेच नव्हता.

मोरू आला तो घामाघूम होऊन, हातात फ्लॉपीचा डबा घेऊन. फॉन्ट चढायला दोन मिनिटं लागली. मधुने दगडूची फाईल उघडली आणि खुर्ची सोडून बाजूला झाला. बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"दगडूला मी खिडकीशी बसवला होता. तिसऱ्या दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, बाई, माझी जागा बदला. का, तर खिडकीतून बापाची होडी दिसते आणि बेरीज चुकते. जागा बदलून मागणारा एवढा एकच मुलगा मी पाहिला."

वाचून झालं. मोरूने मधुकडे पाहिलं, मधुने मोरूकडे. मग बाई उठल्या आणि कपाटातून एक कोरी वही काढून आणली.

"हे सगळं मी आता हातानेपण उतरवून काढणार," त्या म्हणाल्या. "तोवर तुझी ती प्रत तुझ्याकडेच राहू दे."

निघताना त्या पायऱ्यांपर्यंत आल्या. काळुरामचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मधुला वाटलं होतं, जा म्हणून सांगतील, म्हणजे त्यांनी पाठवलं म्हणून आपण गेलो असं तरी होईल. पण त्या म्हणाल्या फक्त, "सावकाश जा रे."

दिवाळी गेली. दोन रविवार मधुने दुकानात पसारा आवरण्याचं निमित्त केलं. तिसऱ्या रविवारी तो डोंबिवलीला उतरला आणि पूर्वेच्या बाजूने आयरे गावाकडे चालत निघाला. काळुरामच्या घराबाहेर आता पत्र्याची शेड होती. आत टेबलावर नकाशाचा कागद पसरून काळुराम पेन्सिलीने रेघ ओढत होता. पन्नाशीचा, अंगाने आडवा माणूस. त्याने वर पाहिलं.

"अरे मधु! किती दिवसांनी! ये ये, बस. इकडे कुठे?"

मधु बसला नाही. बसलो तर चहा येईल, चहा आला तर बोलणं निघेल आणि सांगायचं राहून जाईल, एवढं तो स्वतःला ओळखत होता.

"काळुरामभाऊ, तुमची डिस्क खराब झालेली नव्हती. नकाशे मी पुसले. चुकून पुसले, पण मीच. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

काळुरामने पेन्सिल खाली ठेवली. मधुला शिव्यांची अपेक्षा होती. मनातल्या मनात त्याने त्या खाऊनही घेतल्या होत्या. पण काळुरामचा आवाज आला तो अगदी खालचा.

"डिस्क खराब नव्हती?"

"नाही."

"मग मनुने काही केलं नव्हतं?"

मधुला कळेना. "मनु कोण?"

"माझी पोरगी. आईचं नाव ठेवलंय तिला. बारावीत होती तेव्हा. रोज माझ्या कॉम्प्युटरवर बसायची, कायकाय करून बघायची. तू म्हणालास डिस्क गेली, मी म्हटलं, हिनेच घालवली. लय बोललो तिला. माझ्या मशीनला हात लावायचा नाही म्हटलं. तिला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. मी म्हटलं, एक डिस्क घालवलीस तेवढी बस झाली." काळुरामने तोंडावरून हात फिरवला. "ती रडून सांगत होती, बाबा, मी काय नाय केलं."

चंद्रभागाबाईंनी विचारलं तेव्हा मधुच्या डोळ्यांसमोर एक माणूस आला होता, फार तर स्वतःलाच बोल लावणारा. सतरा वर्षांची मुलगी आली नव्हती.

"ये मनु!" काळुरामने आत हाक मारली. "भायेर ये."

मनु बाहेर आली. हातात तांदूळ निवडायचं सूप तसंच होतं. आता एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. काळुराम म्हणाला, "याला ओळखतेस ना? याला काय सांगायचंय ते ऐक." आणि तो पाठ करून शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला.

मधुने तेच पुन्हा सांगितलं. या वेळी शब्द सापडायला जास्त त्रास झाला. सांगून झाल्यावर मनुने सूप टेबलावर ठेवलं.

"मी काही केलेलं नाही हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिलं वर्षभर तरी माहीत होतं. नंतर मलाच वाटायला लागलं, की कधीतरी काहीतरी दाबलं असेल मी." मग तिने विचारलं, "पण पुसली कशी? तुम्ही तर कॉपी घेत होतात ना? मी बघत होते दारातून."

मधुने नकाशाच्या रद्दी कागदावर दोन डिस्क काढल्या. आधीची अक्षरं लिहिली, मग खोडून सरकलेली अक्षरं लिहिली. मनु वाकून बघत होती. त्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आधीच ती म्हणाली, "म्हणजे ई आमची होती."

"हो."

"आणि डिस्कना नावं दिली असती तर कळलं असतं."

"हो. आता देतो."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

तिने कागद घडी करून सुपाशेजारी ठेवला. मधुकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. ती वडिलांच्या पाठीकडे बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला विचारलं पण नव्हतं. नुसतं एकदा विचारलं असतं, काय काय केलंस ते, तर मी सांगितलं असतं एकेक."

काळुराम वळला नाही. "तू जा आता, मधु," तो खांबाकडेच तोंड करून म्हणाला.

मधु निघाला. गल्लीच्या वळणापर्यंत त्याला काळुरामचा आवाज ऐकू येत होता, मध्येच मनुचा. शब्द कळत नव्हते. भांडण होतं की काय होतं, तेही कळत नव्हतं. पण दोघंही बोलत होते.

काळुरामने त्याला पुन्हा कधी कामाला बोलावलं नाही. आयरे गावातली आणखी दोन गिऱ्हाइकंही तुटली. मधुने ते मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं ठरवलं तरी. चंद्रभागाबाईंकडे तो दोन-तीन महिन्यांनी जायचा, नव्या पानांची प्रत घ्यायला. वही दुसरी सुरू झाली होती.

पुढच्या वर्षी जूनमध्ये एका दुपारी मनु म्हात्रे त्याच्या कल्याणच्या दुकानात आली. डोंबिवलीत हार्डवेअरच्या कोर्सला नाव घातलंय, असं तिने आल्या आल्या सांगितलं. बसली नाही. पर्समधून एक कागद काढून तिने काउंटरवर पसरला. त्यावर तीन डिस्क काढलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली अक्षरं.

"तीन जोडल्या तर कशी सरकतात?" तिने विचारलं. "आमच्या सरांनी सांगितलंय त्यात मला चूक वाटतेय."

मधुने चष्मा पुसून कागद जवळ ओढला. चूक खरंच होती.